आणखी काही सांगायचे असल्यास

"घाल," उरकुडे सर म्हणाले.

मी उजव्या हाताची दोन बोटं व्हाइसच्या जबड्यात घातली. टेबलाला बसवलेला लोखंडी पकडा तो. एरवी कानस मारायचा तुकडा, म्हणजे आमचा जॉब, आम्ही त्यात घट्ट धरायचो. सरांनी सावकाश दांडी फिरवली.

"किती एम.एम. सांगितलं होतं?"

"पन्नास, सर."

"अन् तुझा जॉब किती भरला?"

"साडेएकोणपन्नास."

दांडी आणखी थोडी फिरली. नखांखालचं मांस पांढरं पडलं, मग जांभळं.

"अर्धा एम.एम. म्हणजे केवढा, समजलं आता?"

"समजलं, सर."

मी ओरडलो नाही. ओरडणाऱ्याला आणखी एक फेरा मिळायचा, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी दांडी उलटी फिरवली आणि पुढच्या पोराकडे वळले. माझ्या शेजारी देवानंद पिंपळशेंडे काम करायचा. त्यानं खिशातला रुमाल नळाखाली भिजवला, माझ्या बोटांना गुंडाळला आणि पुन्हा आपली कानस चालवू लागला.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणींच्या एका गावात मी, विलास ढवस, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज लहान, वर्गात बेचाळीस पोरं. वर्कशॉपला शिकवणारा माणूस एकच, म्हणून शनिवारी सगळे एकत्रच तिथं जायचो. उरकुडे सर पन्नाशीचे, आखूड मानेचे, जाड मनगटाचे. लोखंडावरून नुसता अंगठा फिरवून ते केसाएवढा फरक सांगायचे. स्वतः कारखान्यात उस्तादाचा मार खाऊन शिकले होते आणि आम्हाला तसंच शिकवत होते. हातात कायम हातोडीचा दांडा, लोखंड काढून टाकलेला. पाठीवर, पोटरीवर, कोपरावर तो बसायचा. घरी सांगितलं तर माझे बाबा म्हणायचे, मार खाल्ला म्हणून तर मी फोरमन झालो.

त्या जूनमध्ये नवे प्राचार्य आले, वैरागडे सर. मऊ बोलणारे, खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे. नागपूरच्या कुठल्याशा प्रशिक्षणातून ते एक नवीन गोष्ट शिकून आले होते. माझी बोटं दाबली गेली त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी आम्हाला ड्रॉइंग हॉलमध्ये बसवलं आणि प्रत्येकाला छापील कागद दिले, एकेका शिक्षकाचा एकेक.

"वर्षभर आम्ही तुम्हाला मार्क देतो," ते म्हणाले. "आज तुम्ही आम्हाला द्या. नाव लिहायचं नाही, रोल नंबर लिहायचा नाही. हे कागद माझ्याशिवाय कोणी पाहणार नाही. खरं लिहा."

शिक्षक वेळेवर येतात का, शिकवलेलं समजतं का, शंका विचारू देतात का. एक ते पाच मार्क. उरकुडे सरांना मी विषयाच्या ज्ञानाला पाच दिले. ते खरंच होतं. विद्यार्थ्यांशी वागणुकीला एक दिला, कारण शून्य छापलेला नव्हता. खाली चार रिकाम्या ओळी होत्या आणि वर लिहिलं होतं, 'आणखी काही सांगायचे असल्यास'.

मी हॉलभर नजर फिरवली. जो तो डावा हात आडवा धरून कागद झाकून बसलेला. सुजलेल्या बोटांत पेन नीट धरता येत नव्हतं, अक्षर तिरपं पडत होतं, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. मी चारही ओळी भरल्या आणि कागद पालथा करून दिला.

बाहेर सायकल स्टँडवर अनुप निकोडे भेटला. वर्गातला सगळ्यात तोंडाळ पोरगा.

"मी तं सगळ्यायले पाच-पाच देऊन टाकले बे," तो म्हणाला. "कोण भानगडीत पडते? तू?"

"मीबी पाचच दिले," मी म्हणालो.

देवानंद सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

शनिवारी उरकुडे सर वर्कशॉपमध्ये आले आणि त्यांनी आत शिरताच शटर निम्म्याहून खाली ओढलं. उजेड गुडघ्याइतकाच आत येत होता. हातात दांडा होता आणि चौघडी केलेला एक कागद.

"मशिनी बंद करा."

पट्टे थांबले. सरांनी कागद उलगडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचू लागले.

"'उरकुडे सर हातोडीच्या दांड्याने मारतात. व्हाइसमध्ये बोटे दाबतात. त्यांना कोणीतरी थांबवा.'"

शाई निळी होती. माझीही निळीच होती. व्हाइसचं मी लिहिलं होतं. शेवटी मी 'थांबवा' लिहिलं होतं की 'थांबवावे', ते काही केल्या आठवेना.

"बावीस वर्षं झाली मला शिकवून," सर म्हणाले. आवाज अजून खालीच होता. "माझ्या हाताखालची पोरं आज भिलाईत आहेत, पुण्यात आहेत. अन् काल त्या वैरागड्यानं मला टेबलासमोर उभं केलं. बस म्हटलं नाही. चपराशासमोर मला हे वाचून दाखवलं. एखाद्या पोरासारखं. मी त्याच्या हातातून घेऊन आलो." त्यांनी कागद खिशात घातला. "कोणी लिहिलं?"

सर एक नंबरच्या पोरासमोर जाऊन उभे राहिले.

"रोल नंबर एक. तू?"

"नाही, सर."

"दोन?"

"नाही, सर."

ते टेबलांच्या रांगेतून चालत येत होते. प्रत्येकापुढे थांबत, डोळ्यांत पाहत, पुढे सरकत. अकरा नंबर माझा. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्यानिळ्या बोटांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"ढवस. तू?"

"नाही, सर."

ते पुढे गेले. सुटलो म्हणून अंगभर एक घाणेरडा आनंद पसरला, तो मला अजून आठवतो. निकोडे "नाही सर" म्हणाला. पंचवीस नंबर "नाही सर" म्हणाला. सव्वीस नंबर देवानंदचा. नंबर लांब असला तरी त्याचं टेबल माझ्याच शेजारी होतं, म्हणून सर परत फिरून माझ्या समोरून गेले.

"पिंपळशेंडे. तू?"

"हो, सर. मी लिहिलं."

सरांना ते अपेक्षित नसावं. क्षणभर तेच गोंधळले. देवानंद उंच, किडकिडीत. बाप खाणीत हेल्पर, घर अकरा किलोमीटरवर. वर्षभरात त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"पुन्हा बोल."

"मी लिहिलं, सर. खरं लिहा म्हटलं होतं साहेबांनी."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कोपरावर, हाड वाजलं. देवानंदनं हात डोक्यावर घेतले तेव्हा दांडा बरगड्यांवर पडू लागला. एक, दोन, तीन. तो टेबलाच्या कोपऱ्याशी दुमडला. सरांनी त्याला केसांना धरून उभा केला. "कोण थांबवते मला? बोल! बोलाव कोणाला बोलावतो त्याला!" प्रत्येक शब्दाला फटका. दांडा मोडला. मग सर हातांनी मारू लागले. उघड्या पंजाचा एक तडाखा त्याच्या डाव्या कानावर असा बसला की तो दोन पावलं उडून लेथ मशीनवर आदळला. डोकं लोखंडावर आपटल्याचा आवाज झाला. तो खाली घसरला आणि सर त्याला लाथा घालू लागले.

आम्ही एक्केचाळीस जण होतो. माझ्या हातात बारा इंची कानस होती. समोरच्याच्या हातात हातोडी होती. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. बुटांजवळ लोखंडाचा बारीक कीस पडलेला, त्यावर रक्ताचे ठिपके उडाले होते, तेही मी पाहत होतो.

शटरखालून वाकून शामराव चपराशी आत आला. साठीला टेकलेला माणूस, हातात हजेरीचं रजिस्टर. त्यानं एकदा पाहिलं, रजिस्टर टाकलं आणि मागून सरांच्या कमरेला मिठी मारली.

"अहो सर, पोरगं मरून जाईल! सोडा त्याले!"

सरांनी कोपर मागे हाणलं. शामरावच्या ओठातून रक्त आलं, पण त्यानं मिठी सोडली नाही. सर त्याला ओढत फिरले, मग एकदम थांबले. धापा टाकत स्वतःच्या हातांकडे पाहू लागले. देवानंदच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली होती. डोळे उघडे होते. ते कोणाकडेच पाहत नव्हते.

रविवारी मी एकटाच चंद्रपूरला दवाखान्यात गेलो. वॉर्डाबाहेर त्याची आई बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. मी "वर्गातला" एवढंच म्हणालो, तशी तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला आत जाऊ दिलं.

देवानंदचं डोकं पट्ट्यांत होतं, एक हात प्लास्टरमध्ये. त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"इकडून बोल. तिकडं नुसतं शिट्टीसारखं वाजून राहिलं."

मी स्टुलावर बसलो.

"देवा, तो कागद माझा होता," मी म्हणालो. "व्हाइसचं मीच लिहिलं होतं. तू काऊन हो म्हणालास?"

तो छताकडे पाहतच म्हणाला,

"मीबी लिहिलं होतं न बे. तेच."

"पण तो कागद..."

"कोणाचा होता, मले काय ठाऊक? त्यानं विचारलं, तू लिहिलं का. लिहिलं होतं, तं हो म्हटलं." बोलताना बरगड्या दुखत असाव्यात, तो थांबला. "मले वाटलं, एवढ्यायनं लिहिलं असंल तं माझ्या मागून कोणी बोलंल."

"एवढ्यायनं म्हणजे?"

"मी शेवटच्या बाकावर होतो न. मले सगळे लिहितानी दिसून राहिले होते. कोणाचाच हात लवकर थांबला नाही."

तेव्हा मला ते नीटसं कळलं नाही. कळलं ते पुढच्या शुक्रवारी. संस्थेनं तिघांची चौकशी समिती नेमली होती आणि आम्हाला एकेकाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावत होते. समितीवर एक वकीलबाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. प्राचार्य वैरागडे बाजूच्या खुर्चीत असे बसले होते, की चौकशी त्यांचीच चालली असावी.

मी ठरवून गेलो होतो. दार लोटलं आणि विचारायच्या आधीच बोललो.

"मॅडम, सरांनी देवानंदला मारलं ते मी पाहिलं. आणि तो कागद त्याचा नव्हता, माझा होता. मी खोटं बोललो."

वकीलबाईंनी चष्मा काढला.

"सकाळपासून हे सांगणारा तू नववा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी टेबलावरचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"तुझा कोणता, दाखव."

मी कागद उलटू लागलो. 'सर दांड्याने मारतात.' 'माझी बोटे व्हाइसमध्ये दाबली, नख गेले.' 'सर चांगले शिकवतात पण फार मारतात, भीतीने हात कापतो व जॉब चुकतो.' 'कृपया सरांना सांगावे, पण आमचे नाव सांगू नये.' वेगवेगळी अक्षरं, निळी शाई, काळी शाई, एक पेन्सिल. एका कागदावर निकोडेचं गोल, मुलीसारखं अक्षर होतं. त्यानं चार ओळी पुरल्या नाहीत म्हणून समासात लिहिलं होतं. मधेच माझा तिरपा कागद सापडला. शेवटी 'थांबवावे' असं होतं, म्हणजे सरांनी वाचला तो माझा नव्हता.

"उरकुड्यांनी नेलेला धरून एकूण बेचाळीस," बाई म्हणाल्या. "तीन कोरे. एकोणचाळीस जणांनी मारहाणीचं लिहिलंय." मग त्या वैरागड्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही त्यातला एकच काढून त्यांना दाखवलात."

"मला वाटलं, एकच दाखवला तर त्यांना फार लागणार नाही," वैरागडे सर म्हणाले. त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. "समजावून सांगितलं असतं तर..."

मी बाहेर आलो. वर्ग सायकल स्टँडपाशी जमला होता. आत जाऊन आलेले आणि जायचे राहिलेले, सगळ्यांना आकडा कळला होता. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. निकोडे पत्र्याच्या खांबावर मूठ आपटत होता.

"एकोणचाळीस," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "एकोणचाळीस होतो बे आपण."

त्याच वेळी उरकुडे सर जबाब द्यायला आले. फाटकातून त्यांची जुनी स्कूटर आत शिरली. त्यांनी आम्हाला पाहिलं, वेग कमी केला. बहुतेक वळून जायचं त्यांच्या मनात आलं असावं. निकोडेनं धावत जाऊन हँडल धरलं.

स्कूटर पडली. सर तिच्याखालून पाय ओढून उठेपर्यंत पाच-सहा जण अंगावर पडले होते. कोणी कमरेचा पट्टा काढला होता, कोणाच्या हातात सायकलची साखळी. सर सुरुवातीला धडपडले. जाड मनगटांनी दोघांना फेकलं, एकाचं नाक फोडलं. मग साखळी त्यांच्या तोंडावर बसली. ते मातीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पोरं रांग लावल्यासारखी येत होती, मारत होती, मागे सरत होती, पुन्हा येत होती. कोणी शिवीसुद्धा देत नव्हतं. फक्त लाथांचा आवाज आणि श्वास.

मी गर्दीतून आत घुसलो. सर कुशीवर पडले होते, जबडा एका बाजूला सरकलेला. त्यांनी मला पाहिलं.

"ढवस," ते म्हणाले. पुढचं तोंडातून नीट आलं नाही.

मी वाकून त्यांचा हात डोक्यावरून ओढून काढला. मला त्यांचा डावा कान हवा होता. तो सापडल्यावर मी बुटाच्या टाचेनं त्यावर मारलं. एकदा नाही. किती वेळा ते पोलिसांनी विचारलं तेव्हाही मला सांगता आलं नाही. शामराव कोणाला तरी मागे खेचत ओरडत होता, "अरे, आता कायले? आता कायले?" पण तो एकटा होता आणि आम्ही तीस-पस्तीस.

सर वाचले. जबड्याला तारा, पायात सळई, काठी कायमची. आम्हा चौदा जणांना पोलिसांनी नेलं. तीन दिवसांनी जामीन झाला. त्यानंतर सगळं फार लवकर निवळत गेलं, निदान वरून पाहताना तरी. समितीचा अहवाल आलाच नाही. पेपरात आधी 'विद्यार्थ्यास अमानुष मारहाण' छापून आलं होतं, ते मागे पडून 'प्राध्यापकावर प्राणघातक हल्ला' आलं. वैरागडे सरांची बदली झाली. ते कागद कुठे गेले कोणाला कळलं नाही आणि तशा प्रकारचे कागद पुन्हा कधी वाटले गेले नाहीत. वकिलांनी आमच्या बापांना सांगितलं, एकच वाट आहे. पिंपळशेंड्याच्या पोरानं पोलिसात दिलेली तक्रार मागे घेतली तर उरकुडेही घेतील. चौदा पोरांचं आयुष्य वाचेल.

म्हणून आम्ही त्याच्या गावी गेलो. माझे बाबा, निकोडेचे वडील, निकोडे आणि मी. देवानंद अंगणात बाजेवर बसला होता. पट्ट्या निघाल्या होत्या, केस नुकते उगवत होते. डाव्या कानानं आता कधीच ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचा बाप कामावर गेला होता. आईनं सगळ्यांना पाणी दिलं आणि उंबऱ्यात बसली.

बाबांनी तक्रार मागे घेण्याचा कागद पुढे केला. कसंबसं सांगितलं.

"पोरांनी तुझ्यासाठीच केलं, बाबू," निकोडेचे वडील म्हणाले. "तुझं दुःख त्यांना सहन झालं नाही."

देवानंदनं कागद पूर्ण वाचला. मग निकोडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याले मारलं तवा किती जण होते तुम्ही?"

"तीस," निकोडे म्हणाला. "पस्तीस असतील."

"हातात काय होतं?"

"पट्टे. साखळी."

"अन् मले मारून राहिला होता तवा?"

निकोडे रडायला लागला. बाबांना काही कळेना, ते एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागले. देवानंदनं आईकडे हात केला. तिनं घरातून पेन आणून दिलं. प्लास्टर नुकतंच निघालेल्या हातानं त्यानं जपून, अक्षर अन् अक्षर सुटं काढत सही केली आणि कागद बाबांच्या हातात दिला.

"तुम्ही माझ्यासाठी नाही मारलं त्याले," तो म्हणाला. रागानं नाही, एखादं माप सांगावं तसं. "तुम्ही तुमच्यासाठी मारलं. पण तुमची पोरं अडकू नये म्हणून सही करतो. काका, च्या घेऊन जा."

आम्ही चहा घेतला. तोही आमच्यासोबत प्याला. त्यानं कॉलेज सोडलं होतं. पुढे तो गावातच पंप दुरुस्तीचं काम करू लागला, असं मी ऐकलं. मी डिप्लोमा पुरा केला, भिलाईला नोकरी लागली. या गोष्टीला पंचविसाच्या वर वर्षं झाली.

निघताना बाबा आणि निकोडे पुढे झाले, मी मागे रेंगाळलो. देवानंद बाजेवर तसाच बसून होता, समोरच्या शेताकडे पाहत. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "माफ कर, देवा."

त्यानं मान वळवली नाही. मग माझ्या लक्षात आलं, मी त्याच्या डाव्या बाजूला उभा आहे. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. उजव्या बाजूला यायला चार पावलं पुरे होती. बाबांनी रस्त्यावरून हाक मारली, आणि मी गेलो.